सात वेळा पुसलेला

मी एक जुना लॅपटॉप बोलतोय. बोलतोय म्हणजे माझा पंखा घरघरतो, तेवढंच तुम्हाला ऐकू येईल. उरलेलं समजून घ्या. सध्या मुक्काम हर्नडन, व्हर्जिनिया. इथे रविवारी भरणाऱ्या मराठी शाळेच्या कपाटात मी असतो. एका बाजूला मार्करचे डबे, दुसऱ्या बाजूला गणपतीच्या मखराचं खोकं.

मला पुसलंय. एकदा नव्हे, सात वेळा. मग तुला आठवतं कसं, असं तुम्ही विचाराल. अहो, पुसली ती डिस्क. माझी बटणं, माझी बिजागरी, उजव्या कोपऱ्यात जरा पिवळा पडलेला माझा पडदा, यांना कोण पुसणार? कादंबरी रोज माझ्यासमोर बसायची. तिच्या मनगटांनी माझ्या अंगावर दोन गुळगुळीत डाग पाडलेत, ते अजून आहेत. गेलंय ते एवढंसं, चार ओळींत मावेल इतकं. पण नेमकं तेच जायला नको होतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. कळतं तेव्हापासूनचं सांगतो. थँक्सगिव्हिंगच्या सेलमधून मी आणि माझा जुळा भाऊ एकाच दिवशी इथून जवळच्याच अ‍ॅशबर्न गावातल्या एका अपार्टमेंटमध्ये आलो. रंग एक, माप एक, चार्जरसुद्धा एकमेकांना चालायचे. भाऊ सिद्धेशच्या वाट्याला गेला, मी त्याच्या बायकोच्या, म्हणजे कादंबरीच्या. भावाने जन्मभर क्रिकेटचे सामने दाखवले. मी काम केलं, हे मी जरा ताठ मानेनेच सांगतो.

कादंबरी नागपूरची. इथल्या एका कंपनीत प्रोग्रामर, वर्क व्हिसावर. सिद्धेशचा व्हिसा तिच्या व्हिसाला बांधलेला. मुलगी रुही तेव्हा सात वर्षांची होती आणि वाचायला बसली की रडायची. अक्षरं हलतात म्हणायची. मुलगी आळशी आहे, असं कुणी कुणी बोलूनही गेलं. कादंबरीने वाद घातला नाही. तिने माझ्यावर एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो पानावरची एकच ओळ दाखवायचा, बाकीचं झाकून टाकायचा, आणि बोट ठेवाल तो शब्द सावकाश वाचून दाखवायचा. नाव ठेवलं ‘ओळ’.

रुहीने पहिल्यांदा तो वापरला तो दिवस मला आठवतो. ती पडद्याच्या इतकी जवळ आली की तिचा श्वास माझ्या काचेवर उमटला.

“आई, इट्स नॉट मूव्हिंग!” ती ओरडली. “द लाइन इज स्टेइंग देअर!”

कादंबरी उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडं एकही नव्हतं.

तिने ‘ओळ’चा सगळा कोड इंटरनेटवर खुला ठेवला. कुणीही घ्या, वापरा, बदला, आपल्या भाषेत आणा. रुहीच्या शाळेला तिने आधी विचारलं होतं. तिथल्या बाई सज्जन होत्या, पण त्यांनी विचारलं, कंपनी कुठली? सपोर्टचा फोन नंबर काय? एक आई आणि एक लॅपटॉप, हे उत्तर त्यांच्या फॉर्मात बसेना. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

विचारणा आली ती पार स्लोव्हेनियातून. एका डोंगराळ गावातल्या शिक्षिका, अलेंका बाई. त्यांनी लिहिलं, आमच्या इथे शाळा असाच खुला प्रोग्राम शोधतात. मुलांनी काय वाचलं, कुठे अडलं, ते शाळेच्याच कॉम्प्युटरवर राहतं, बाहेर जात नाही. शिवाय आमची भाषा बोलणारे थोडे. कुठली कंपनी आमच्यासाठी आवाज तयार करणार? आम्हीच करतो, तुम्ही फक्त कसं ते सांगा.

आणि त्यांनी केलं! सुट्टीच्या दिवशी पाच-सहा शिक्षक एका वर्गात जमून शब्द बोलून पाठवायचे. मग शेजारच्या देशांतल्या शिक्षकांनी ते उचललं. तीन वर्षांत चारशे शाळा झाल्या. कादंबरी पहाटे साडेपाचला चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसायची, तेव्हा तिकडे शाळा भरलेल्या असायच्या. रुहीची बस येईपर्यंत दोन-तीन शिक्षिकांच्या अडचणी सुटायच्या. ऑफिसच्या लॅपटॉपला ती या कामाचा वाराही लागू द्यायची नाही, कारण त्यावर केलेलं सगळं कंपनीचं होतं. व्हिसाच्या नियमामुळे मानधनही घेता यायचं नाही. मग त्या शाळांनी पोस्टकार्डं पाठवली, आणि अलेंका बाईंच्या वर्गाने एक पिवळ्या मधमाशीचं स्टिकर. ते रुहीने माझ्या पाठीवर चिकटवलं. भावाच्या पाठीवर क्रिकेटची बॅट होती, माझ्या पाठीवर मधमाशी. आम्हाला ओळखायची तेवढीच खूण.

आता ते चार ओळींचं सांगतो. ‘ओळ’ची नवी आवृत्ती निघाली की कादंबरी तिच्यावर एक मोहर उमटवायची, आकड्यांची. ती उमटवायची गुप्त किल्ली माझ्या पोटात होती. शाळांचे कॉम्प्युटर ती मोहर पाहूनच नवी आवृत्ती आत घ्यायचे, नाहीतर दारातूनच परत. कुणी भामटा ‘ओळ’च्या नावाखाली भलतंच घुसवू नये म्हणून ही व्यवस्था. कोड साऱ्या जगाचा होता. मोहर मात्र तिची एकटीची होती.

“ही किल्ली हरवली तर?” सिद्धेशने एकदा विचारलं होतं.

“मग प्रत्येक शाळेत जाऊन कुणीतरी हाताने नवी बसवायची,” ती म्हणाली. “मोठ्या शाळांत होईल रे, तिथे कॉम्प्युटर बघणारा माणूस असतो. अलेंकाच्या शाळेत कोण आहे? तिथे बाईंना स्वतःला परवानगी नाही. अर्ज करा, वाट बघा, सहा महिने.”

“मग कॉपी काढून ठेव ना यार.”

“ठेवते. या वीकेंडला नक्की.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. चारशे शाळांना ती बजावत असायची, कॉपी ठेवा, कॉपी ठेवा. तिचा स्वतःचा वीकेंड कधी किराणा, कधी रुहीचं पोहणं, कधी कुणाचं डोहाळजेवण यांत जायचा. मी तिला दोष देत नाही. तिला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही, आणि मला जीभही नाही.

मे महिन्यात एका मंगळवारी पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये तिची नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाला साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी, नाहीतर सामान बांधा. ती माझ्यावरून रोज अर्ज पाठवायची. तिची बोटं त्या दिवसांत इतकी जड पडायची की एकदा माझं एक बटण निघालंच. तिने ते गोंदाने बसवलं.

त्याच दिवसांत अलेंका बाईंचं पत्र आलं. सप्टेंबरमध्ये आमच्या शाळेला नवे कॉम्प्युटर मिळणार, जुनी ‘ओळ’ त्यांवर चालणार नाही. वर्गात तिंका नावाची मुलगी आहे. त्याच महिन्याच्या शेवटी तिची वाचनाची चाचणी आहे, आणि ती ‘ओळ’वर द्यायची परवानगी मी मोठ्या मुश्किलीने मिळवली आहे. पास झाली तर ती मैत्रिणींबरोबर पुढे जाईल. नाही झाली तर तिला लांबच्या वेगळ्या शाळेत घालायचं ठरलंय.

सगळी दुःखं डोक्यावर असताना कादंबरीने काम सुरू केलं. जूनच्या अखेरीला नवी आवृत्ती तयार झाली. फक्त शिक्षकांच्या शेवटच्या दुरुस्त्या यायच्या होत्या. तिने उत्तर लिहिलं: “जुलैच्या शेवटी दुरुस्त्या पाठवा. मी बहुधा भारतात पोचलेली असेन. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मोहर उमटवून देते. तिंकाला सांगा, काळजी करू नकोस.”

नोकरी मिळाली नाही. घर आवरायला निघालं. इथल्या रीतीप्रमाणे सिद्धेशने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी टाकली: सोफा, इडलीपात्र, रुहीची सायकल. शेवटी लिहिलं, “जुना लॅपटॉप, मराठी शाळेला भेट.” त्याच्या मनात अर्थातच माझा भाऊ होता.

सिद्धेशच्या आईची शिकवण आहे: दुसऱ्याला द्यायची वस्तू घासूनपुसून द्यावी, उष्टीखरकटी देऊ नये. त्याने भावाला जेवणाच्या टेबलावर घेतलं, हेअर ड्रायरने बॅटचं स्टिकर सैल केलं, नेलपॉलिश रिमूव्हरने डाग काढला. भाऊ नवरदेवासारखा चकाकला. मग त्याची नजर माझ्याकडे गेली. बायकोचाही करून टाकू, तिला बरं वाटेल! मी ओरडलो. म्हणजे पंखा जोरात फिरवला.

“किती गरम होतोय हा,” तो म्हणाला, त्याने मला बंद केलं आणि माझी मधमाशीही सोलून काढली.

निघायच्या दिवशी घरात दहा माणसं. कुणी सोफा उचलतंय, कुणी पोळीभाजी घेऊन आलंय. रुही सायकलला मिठी मारून रडत होती. कादंबरी तिला समजावत समजावत टेबलापाशी आली, दोघांतला एक लॅपटॉप उचलला आणि हातातल्या बॅगेत घातला. वरून दोनदा थोपटला, मला थोपटायची तसाच.

भाऊ नागपूरला गेला. मी टेबलावरच राहिलो.

मला घेऊन गेले राजेशकाका. पंचवीस वर्षं हर्नडनमध्ये आहेत, डेटा सेंटरमध्ये सुरक्षेचं काम करतात, मराठी शाळा त्यांच्याच जिवावर चालते. या कुटुंबाला विमानतळावर सोडायलाही तेच गेले आणि परत येईपर्यंत डोळे पुसत होते. असा माणूस. त्याच संध्याकाळी त्यांनी मला सुरू केलं. पासवर्डचा चौकोन आला.

“फोन करून विचारा ना पासवर्ड,” सुमित्राकाकू म्हणाल्या. “आत काय आहे ते बघून तरी घ्या.”

“आपल्याला काय करायचंय कुणाच्या घरात डोकावून?” काका म्हणाले. “पोरीचा डेटा आहे. उद्या शाळेत दहा हातांत जाणार हा. व्यवस्थित वाइप करतो.”

दुसरा कुणी असता तर त्याने आत डोकावलं असतं, आणि ‘ओळ’ त्याच्या नजरेला पडलीही असती. काका सज्जन निघाले. नोकरीत सवय आहे म्हणून एकदा पुसून त्यांचं समाधान होत नाही. त्यांनी पेन ड्राइव्ह लावला आणि माझ्या पोटातल्या प्रत्येक कणावर सात वेळा बोळा फिरवला. पहिल्याच फेरीत किल्ली गेली. उरलेल्या सहा फेऱ्या मी नुसता तापत पडून होतो. काका मधून मधून हात लावून बघत होते आणि समाधानाने मान हलवत होते.

एक गंमत सांगू? ती किल्ली उघडायचा पासवर्ड मला अजून येतो. कोणत्या बटणानंतर कोणतं, कुठे तिचं बोट थबकायचं, सगळं बटणांना पाठ आहे. पण तो लागायचा कशाला, तेच उरलेलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी शाळेची तयारी चालली होती. काका माझ्यावर मुलांची नावं भरत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्याच पडद्याला टेकवून ठेवला. व्हिडिओवर कादंबरी होती. केस विस्कटलेले, मागे तिच्या आईच्या घरातलं कपाट. तिचा आवाज माझ्या काचेत घुमला आणि मला वाटलं, मी आत्ता उजळून निघेन.

“काका, कसे आहात? तो लॅपटॉप... शाळेला दिलेला. आहे ना तुमच्याकडे?”

“हा काय, समोरच आहे! मस्त चालतोय गं.”

“काका, तो चुकून माझा आला तुमच्याकडे. सिद्धेशचा इकडे आलाय. दुरुस्त्या आल्या म्हणून आत्ता उघडला, तेव्हा कळलं.” तिने फोन चेहऱ्याजवळ आणला. “तुम्ही तो फॉरमॅट वगैरे...”

काकांचा चेहरा खुलला. “अगं, फॉरमॅट कसलं! त्याच रात्री वाइप केला. सात पासेस. एफबीआय आली तरी एक फोटो मिळणार नाही त्यांना. तू निश्चिंत राहा.”

पडद्यावर काही हललं नाही. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

“हॅलो? कादंबरी? काही हवं होतं का गं त्यातलं?”

मी तिच्याकडे बघत होतो. तिने डोळे मिटले आणि उघडले. तिच्या मागून रुही कुठल्यातरी शब्दासाठी हाका मारत होती.

“नाही काका,” ती म्हणाली. “फोटो होते थोडे. आहेत माझ्याकडे. छान केलंत तुम्ही. मला हेच सांगायचं राहून गेलं होतं की नीट पुसून घ्या.”

“झालं तर मग! काकूशी बोलतेस?”

“नंतर बोलते काका. एक पत्र लिहायचंय.”

फोन बंद झाला. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि काकूंना हाक मारून सांगितलं, “कादंबरीचा फोन होता. गुणी पोर. लॅपटॉपची चौकशी करत होती.”

तिने अलेंका बाईंना काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. ती पत्रं आता माझ्यावर येत नाहीत. मोठ्या शाळांनी हाताने नवी किल्ली बसवली असेल. तिंकाच्या शाळेचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर असेल. आता सप्टेंबर संपत आलाय. माझ्या घड्याळात रोज तारीख पुढे सरकते आणि मला ती थांबवता येत नाही.

माझ्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. दर रविवारी मुलं मला उघडतात, माझ्यावर बाराखडी गिरवतात, खाऊचे हात पुसतात. माझं मागणं एकच. कधी हर्नडनला आलात, राजेशकाका भेटले, आणि त्यांनी मला कसं स्वच्छ केलं ते अभिमानाने सांगू लागले, तर ऐकून घ्या. छान केलंत म्हणा. तिने तेच म्हटलं होतं.