नाव नसलेली महाधमनी

पालीच्या शाळेतले लिपिक आत्माराम यांना सहा वर्षांपासून मधुमेह होता आणि शाळेत ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कुणाच्या वाढदिवसाचा पेढा समोर आला की ते मुकाट्याने तोंडात टाकत. मुलगी मृणाली लग्नाची होती. "घरात साखर हाय हे बाहेर कळलं तर स्थळं परत जातील," असं ते पत्नीला, कमलाबाईंना, बजावत. पुढे पुढे तर गोळ्यांचं पाकीट कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी गोळ्याच सोडल्या.

मार्चमध्ये त्यांच्या छातीत-पोटात दुखायला लागलं म्हणून रत्नागिरीला छाती-पोटाचा सीटी स्कॅन काढला. दुखणं साधंच निघालं, पण डॉक्टरांनी साखर तपासली तर ती तीनशेच्या वर! तरी आत्माराम गोळ्या पुन्हा घ्यायला तयार होईनात.

त्याच आठवड्यात त्यांची भाची रसिका मुंबईहून आली. कमलाबाईंनी तिला सगळं सांगितलं. मधुमेहींच्या महाधमनीतून रक्त कसं वाहतं, याचा ती संगणकावर अभ्यास करत होती.

"मामा, तुमचा स्कॅन आमच्या अभ्यासाला द्याल?"

"कशाला गो? गावभर बोंब व्हायला?"

"नाव काढूनच घेतो आम्ही. हे बघा."

तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर हृदयातून निघून कमानीसारखी वळलेली जाड नळी दिसली. दर ठोक्याला तिच्यातून रंगीत धारा धावत. वळणापाशी मात्र काही धारा मंदावून जागच्या जागी घुटमळत होत्या.

"साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की ही नळी ताठ होते, मामा. हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. रक्त असं घुटमळतं तिथे चरबी साचायचा धोका जास्त."

आत्माराम कितीतरी वेळ बघत राहिले. गोळी बंद करून आपण आतल्या आत काय चालवलं होतं, ते आज पहिल्यांदा डोळ्यांना दिसत होतं.

"ही नळी कुणाची, बाय?"

"माहीत नाही. कुणीतरी सही करून आपला स्कॅन दिला, एवढंच."

तेव्हा कमलाबाई बोलल्या. "अहो, त्या माणसाच्या घरी पण लग्नाची पोर असंल. त्यानं दिलं म्हणून आज तुमचे डोळे उघडले. तुम्ही चोरी केलीत काय, लपवायला? मृणालीला नवरा मिळंल, पण तिला बाप दुसरा कुठनं आणू?"

आत्माराम पुन्हा पडद्याकडे वळले. केवढे हे उपकार! आणि ज्याचे, त्याचं नावही माहीत नाही! त्यांनी पडद्याला हात जोडले आणि रसिकाकडे कागद मागून सही केली. गोळ्याही दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू झाल्या.

मे महिन्यात सावर्ड्याची मंडळी मृणालीला बघायला आली. चहा यायच्या आधीच आत्माराम म्हणाले, "मला मधुमेह हाय. लपवून सोयरीक करायची नाय."

मुलाची आई सोनूबाई हळूच म्हणाल्या, "माझा चहापण बिनसाखरेचाच सांगा. कुठं गेलं की मागायला मला लाज वाटायची."

वाचकहो, मधुमेह हा कलंक नव्हे. त्याला कोंडून ठेवलं तर तो आपल्यालाच आतून पोखरतो, आणि न लपवता अभ्यासाला हातभार लावला तर एखाद्या अनोळखी माणसाचा जीवही वाचू शकतो. आपल्यासाठी कुणीतरी ते धाडस आधीच केलेलं आहे. त्याचे आभार मानायचे असतील, तर आता आपली पाळी!