सुभेदाराचा अभिप्राय

बावीस वर्षं मी फौजेत तंबूत झोपलो, पण ती नोकरी होती. हौसेने तंबूत झोपायला जाणारी माणसंही जगात असतात, हे मला माझ्या मुलाने शिकवलं. शिवतेज पुण्यातली कंपनी सोडून घरी आला आणि म्हणाला, "आबा, नदीकाठची मळी मला द्या. तंबू लावतो. शहरातली माणसं ऱ्हायला येतील."

मळी म्हणजे पलूसजवळ कृष्णेच्या काठाला असलेली आमची गाळाची दीड एकर जमीन. तिथे ऊस असा वाढतो की आत शिरलेला माणूस दिसत नाही.

"ऱ्हायला येतील? का? त्यांची घरं गळत्यात?" मी विचारलं.

खरं सांगतो, पोरगं घरी आलं याचा मला लय आनंद झाला होता. पण सुभेदाराने आनंद एकदम दाखवायचा नसतो, असा माझा समज. म्हणून मी अट घातली. पहिले पाहुणे एक रात्र तंबूत झोपून 'परत येऊ' म्हणाले, तर मळी त्याची. नाहीतर सोमवारी ट्रॅक्टर सरी सोडेल, ऊस लागेल आणि शिवतेजने पुन्हा पुणं गाठायचं. अट घातल्या घातल्या मला पश्चात्ताप झाला. तोही मी दाखवला नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी साताऱ्याहून पहिले पाहुणे आले. नीलिमा कॉलेजात शिकवणारी, तिचा नवरा प्रबुद्ध इंजिनिअर. शिवतेजने दोन तंबूंत गाद्या घातल्या होत्या, कंदील टांगले होते. प्रबुद्धने बूट काढता काढता मला विचारलं, "काका, नदीत पोहता येतं का?"

"येतं की. फक्त मगरीला इचारून उतरा. ती बघा, समोरच्या काठावर ऊन खात पडलीय."

शिवतेजने माझ्याकडे असं बघितलं, की मी खाली वाकून उगाच गवत उपटायला लागलो. पण नीलिमा दुर्बीण काढून तासभर मगर बघत बसली. नवऱ्याला हाक मारून मारून दाखवत होती. पोराच्या चेहऱ्यावर रंग आला. जमतंय म्हणायचं, असं मला वाटलं.

घोटाळा केला माझ्या बायकोने, बनुबाईने. संध्याकाळचं जेवण तिने तंबूपाशी आणून द्यायचं ठरलं होतं. ती रिकाम्या हाताने आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाहुण्यांना म्हणाली, "चला, पानं वाढल्यात."

"आई, त्यांनी हितंच जेवायचं हाय," शिवतेज दबक्या आवाजात म्हणाला.

"का? पाव्हणं हायत का तण भांगलायला आल्यात, रानात बसून जेवायला?"

पाहुणे घरी आले. आमच्या घरात तिसरी भाकरी नको म्हणायची सोय नाही. प्रबुद्धने तो प्रयत्न करून पाहिला आणि चौथी खाल्ली. हात धुताना तो एकदा शिंकला. बनुबाईला तेवढं पुरे झालं.

"आसल्या गारठ्यात नदीला झोपायचं? गाव काय म्हणंल? सुभेदाराच्या घरात पलंग हाय आन् पाव्हणं उघड्यावर!"

"काकू, आम्ही मुद्दाम त्यासाठीच आलोय," नीलिमा म्हणाली.

"तुमी आसंच म्हणणार, बाय. भीडंपायी माणूस म्हणतंच. मला कळतं."

बनुबाईपुढे आमचे कर्नलसाहेबही टिकले नसते. पाचच मिनिटांत दोघे पलंगावर होते आणि त्यांच्या अंगावर दोन दोन गोधड्या. शिवतेज तंबूतलं सामान राखायला निघाला. मी कांबळं उचललं आणि मागोमाग गेलो.

सकाळी तंबूत डोळे उघडले तर नदीवर धुकं होतं. मी इथलाच. या काठावर मोटर चालू करायला आलो, उसाला पाणी पाजायला आलो, पुरात वाहिलेली म्हैस शोधायला आलो. नुसतं पडून नदीकडे बघायला कधी आलो नव्हतो. माझी मलाच लाज वाटली.

बाहेर शिवतेज दुसऱ्या तंबूच्या खुंट्या उपटत होता.

"ऱ्हाऊ दे की," मी म्हणालो.

"कशाला? पाव्हणं तंबूत झोपलंच न्हाईत. अट तुमचीच व्हती."

अट माझी, मोडली बायकोने आणि घर सोडून जाणार पोरगं.

तेवढ्यात पाहुणे आले. नीलिमाच्या हातात फोन होता. "शिवतेज, अभिप्राय लिहायला घेतला, पण काय लिहू? काकूंचा पलंग उत्तम आहे, असं लिहू?" ती हसली आणि तिने फोन माझ्या हातात दिला. "तंबूत तुम्ही झोपलात, काका. तुम्हीच लिहा."

मी चष्मा लावला. एका बोटाने लिहायचं म्हणजे वेळ लागतो. तिघंही उभेच होते. माझं झाल्यावर नीलिमाने मोठ्याने वाचलं:

"जागा चांगली आहे. तंबू पक्का. नदी जवळ, मगर लांब. मालकाचा मुलगा रात्री दोनदा उठून बापाच्या अंगावरचं कांबळं सारखं करतो. मी परत येणार. कृष्णात, सुभेदार, निवृत्त."

शिवतेज हातात खुंटी घेऊन नदीकडे तोंड करून उभा राहिला.

"दोनदा न्हाई, आबा," तो म्हणाला. "तीनदा. एकदा तुमी घोरत व्हता."

"मळीत ऊस लावायचा न्हाई," मी म्हणालो. "आन् ती खुंटी ठोक परत."