पेटीतलं अंजिरी लुगडं

चैत्र संपत आला की चांगुणाबाई पेटीतले कपडे उन्हात घालायची. यंदा पेटी सुनेने, सायलीने, ओढत ओसरीवर आणली. चांगुणाबाईला नुसतं बाजेवर उठून बसतानाच धाप लागली होती. नगरचे डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, जपा. आणखी किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. विचारायचाही कंटाळा आला होता.

पेटीच्या तळाशी अंजिरी लुगडं होतं. लाल काठाचं, कोरं. बाई गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. ते तिच्या धाकट्या भावाने, भिमाजीने, ती जिवंत असतानाच आणून दिलं होतं. "आक्का, मी आधी गेलो तर तुझ्या अंगावर माहेरचं कोन घालनार? माझी पोरं पुन्याला. त्यांच्या ध्यानात बी राहायचं न्हाई." तिने ते डोळ्यांना लावलं आणि डांबराच्या गोळ्या घालून ठेवून दिलं. त्यालाही आता बऱ्याच दिवाळ्या झाल्या.

सायलीने लुगडं उलगडलं आणि तिचा हात थांबला.

"आत्या, हे घडीवर विरलंय हो." सासूला ती आत्याच म्हणायची.

खरंच, घडीच्या रेघेवर सूत सुटलं होतं. एकदाही अंगाला न लागता लुगडं झिजायला लागलं होतं.

चांगुणाबाईला आई आठवली. बहात्तरच्या दुष्काळात मायलेकी खडी फोडायला जायच्या, तेव्हा आई दंड घातलेलं लुगडं नेसायची, दोन जुनेरांचं एक केलेलं. घरी पेटीत मात्र मामाने दिलेलं हिरवंगार कोरं लुगडं पडून होतं. आई गेली तेव्हा ते बाहेर निघालं. तिरडीभोवतीच्या बाया रडता रडता म्हणाल्या, "काय खुललं गं बनुबाईला." सगळ्यांनी ऐकलं. जिने ऐकायला हवं होतं, ती तेवढी ऐकत नव्हती.

"रफू करून ठेवते," सायली म्हणाली.

"नको. मला नेसव."

"आत्या, ते मरनाचं हाय. लोक काय म्हंतील? आन् भिमाजीमामा? आज बाजार हाय, येतीलच ते च्याला."

लोकांचं चांगुणाबाईला काही नव्हतं. भावाचं होतं. भिमाजीने आपलं शेवटचं कर्तव्य तिच्या हाती देऊन ठेवलं होतं. ते असं वापरून टाकलं तर त्याला काय वाटेल, हा विचार तिच्या छातीत धापेसारखाच अडकला. तरी ती भिंतीला धरून उभी राहिली. सायलीने निऱ्या घातल्या. मध्येच दोनदा बसावं लागलं.

भिमाजी आला तो उंबऱ्यातच थबकला. काठाकडे बघत राहिला.

"मेलीस का काय आक्का?"

"मेल्यावर मला दिसनार हाय का, भावानं काय आनलंय ते?"

तो खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आता परत दुसरं आनायला माझ्याच्यानं व्हनार न्हाई. गुडघे गेले."

"आनू नको. हेच धुऊन नेसवतील."

"तसं चालत न्हाई. कोरं लागतं."

"आईचं कोरं हुतं. तिनं कवा बगितलं?"

चहा आला, त्यावर साय धरली, तरी भिमाजीने कप उचलला नाही. मग हळूच म्हणाला, "दुकानदार म्हनला हुता, म्हाताऱ्या मानसाला हा रंग न्हाई चालनार."

"मग?"

"त्याला काय कळतंय. खुलतंय तुला."

चांगुणाबाईने पदर सारखा केला. तिला हसू आलं, आणि हसताना धापही लागली.

"चल, जिलबी खाऊ," ती म्हणाली.

तिसगावच्या बाजारापर्यंतची वाट ती थांबत, ओट्याओट्यांवर टेकत चालली. भिमाजीही टेकला, त्यालाही बरंच वाटलं असणार. जिलबीचा पाक पदरावर सांडला. तो पुसण्याचं त्राण दोघांतही नव्हतं.

घरी आल्यावर लुगडं बदलून ती बाजेवर आडवी झाली. सायलीने पाकाचा डाग धुतला आणि पिळलेलं लुगडं हातात घेऊन विचारलं, "वाळलं की पेटीत ठिवू ना, आत्या?"

"पेटीत नको," डोळे मिटूनच ती म्हणाली. "वलनीवरच राहू दे. उद्या उठले तर नेसायचंय."