सतरा नंबरची वही

पोलीस आला तेव्हा सरजाबाई मेथी निवडत होत्या, आणि तो गेल्यावरही तासभर तीच जुडी हातात धरून बसल्या.

तसा तो भला माणूस होता. भाच्याची मुलगी महामाया दिल्लीची परीक्षा पास झाली, परराष्ट्र खात्यात तिची निवड झाली, आणि नेमणुकीआधी घरची चौकशी करतात ती करायला तो आला होता. लातूरला किती वर्षं शिकली, कोणती केस वगैरे आहे का, घर स्वतःचं का भाड्याचं. चहा घेतला. उठता उठता सहज विचारलं, "घरात आणखी कोणी सरकारी नोकरीत?"

"आमची आत्या होती ना," आनंदराजनं छाती पुढं काढून सांगितलं. "दिल्लीला. मोठ्या साहेबाची स्टेनो. परदेशचे मंत्री यायचे, बंद खोलीत बोलणी चालायची, अन् लिहून घ्यायला एकटी आत्या."

पोलिसाचं पेन थांबलं. "मग ते येगळं लिहावं लागतंय. वरून एक साहेब येतील, बाईंशी बोलायला. परवा दुपारी."

तो गेल्यावर आनंदराज म्हणाला, "बघ आत्या, तुझ्यामुळं पोरीचं वजन वाढलं."

सरजाबाईंची नजर आतल्या दाराकडे गेली. आतल्या खोलीत, लोखंडी पेटीत, हिरव्या पातळाच्या घडीत ती वही होती. पन्नास वर्षं होती.

ते साल चौऱ्याहत्तर. जानेवारीची थंडी. तेलाचे भाव चौपट झाले होते आणि दिल्लीत सगळ्यांचे चेहरे उतरले होते. साहेबांच्या बंगल्याच्या मागच्या खोलीत तीन दिवस बैठक चालली. जगातला पैसा आता कशाला बांधायचा, सोन्याला, की 'कागदी सोनं' म्हणतात त्या नव्या युक्तीला, आणि ते साधायला कोणत्या देशाचा हात धरायचा अन् कोणाचा सोडायचा, हे तिथं ठरत होतं. पडदे ओढलेले. चहासुद्धा दाराबाहेर ठेवून जायचे. आत पाच पुरुष आणि कोपऱ्यात पंचवीस वर्षांची, हदगावची, निवृत्तीची लेक सरजा. खोलीत ऐकलेलं खोलीतच ठेवीन, अशी शपथ तिनं घेतलेली. वहीला नंबर असायचा. टंकलेखन झालं की वही भट्टीत जायची आणि रजिस्टरात सही व्हायची. तिची वही सतरा नंबरची.

तिसऱ्या दिवशी तार आली. आई अत्यवस्थ. ती खांद्यावर पिशवी टाकून थेट स्टेशनात गेली. वही पिशवीतच राहिली आहे हे तिला भोपाळ गेल्यावर कळलं. पण गाडी काही मागं फिरत नव्हती.

आई आठ दिवस जगली. एका दुपारी ती आपणहून बोलू लागली. निजामाच्या शेवटच्या सालात, रझाकारांच्या भीतीनं गाव सोडलं, ते. जन्मभर तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं. सरजाच्या थोरल्या भावानंही विचारलं तर ती उठून चुलीपाशी जायची. आता बोलत होती आणि थांबत नव्हती. स्टेनो लोक वहीच्या पानाच्या एकाच बाजूला लिहीत शेवटपर्यंत जातात, मग वही उलटी करून पाठच्या बाजूंवर लिहीत परत येतात. सरजाच्या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. तिनं पिशवीतून वही काढली, उलटी केली आणि आईचा शब्द न् शब्द लघुलिपीत टिपत गेली.

दिल्लीला परतल्यावर तिनं साहेबांचं टंकून दिलं. भट्टीत एक कोरी वही टाकली. रजिस्टरात लिहिलं, 'सतरा, जाळली', आणि सही केली. साहेबांच्या प्रत्येक पानाच्या पाठीला आई चिकटलेली होती. एक ठेवून दुसरं जाळायची सोय नव्हती. आईचं आधी उतरवून घ्यावं, तर वही पुन्हा उघडायचा धीर कधी झाला नाही.

तेव्हापासून दारावर अनोळखी थाप पडली की त्यांचा हात आधी छातीवर जायचा. पेन्शनचा लिफाफासुद्धा त्या आधी उजेडात धरून बघत.

पोलीस येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर त्यांनी वही काढली आणि गॅस पेटवला.

"आजी, नुसता गॅस चालू ठेवून काय करून राहिली?" महामाया दारात उभी होती. ती वाचनालयातून लवकर आली होती.

खोटं सांगायचं बळ उरलं नव्हतं. सरजाबाईंनी सगळं सांगितलं. पोरीनं आधी गॅस बंद केला, मग खाली बसली.

"ही सापडली तर तुझी नोकरी गेली समज," सरजाबाई म्हणाल्या. "माझी पेन्शन जाऊ दे. पण तू लातूरच्या त्या खोलीत चार वर्षं घासलीस."

"तुला अजून वाचता येतंय का हे?"

"येतंय."

"मग पणजीचं वाच. मी लिहून घेते. मग जाळ."

दोघी खिडकीशी बसल्या. उभी नोकरी सरजानं लोकांचं लिहून घेतलं होतं. आज ती सांगत होती आणि दुसरं कोणी लिहीत होतं. पेन्सिल पुसट झालेली, दोन्ही बाजूंच्या खुणा एकमेकींतून उमटलेल्या. भिंग सरकवत त्या वाचत गेल्या.

"'पैनगंगा वलांडली अन् उमरखेडच्या दुकानात गेलो. तुझ्या बापानं हाली रुपये काढले. दुकानदार म्हनला, हे निजामाचं नाणं, हितं कळदार चालतो, इंग्रजाचा. आमी म्हनलं, बाबा, काल सांजपर्यंत चालत होता की. तो हसला.'"

महामायाही हसली. मग वाचन चालू राहिलं. पंख्यानं पान उलटलं ते सरजाबाईंच्या ध्यानात आलं नाही.

"'आपल्या हातातलं नाणं पलीकडे कोणी घेत नसेल, तर ते मोजून काय उपयोग? म्हणून आधी त्या देशाला...'" आणि देशाचं नावही तोंडून निघून गेलं.

महामायेचं पेन थांबलं. "आजी, पणजी असं म्हनली?"

सरजाबाईंनी पानाकडे नीट बघितलं. त्यांनी पान परत फिरवलं. "पोरी, ते खोड. ते तू ऐकलं न्हाईस."

महामायेनं खोडलं, इतकं की कागद फाटला. पण ऐकलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पुढच्याच महिन्यात तिलाही तीच शपथ घ्यायची होती. अर्धं वाक्य आणि एक नाव. आपण ते पन्नास वर्षं सांभाळलं आणि नेमकं हिच्याच कानात ओतलं, असं सरजाबाईंना वाटत राहिलं. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा सहा पानं उरली होती.

"उद्या सकाळी करू," महामाया म्हणाली. "साहेब दुपारी येणार हायेत."

साहेब सकाळी आठलाच आले. बसवंत त्यांचं नाव, उदगीरकडचे, पन्नाशीचे, बोलायला अगदी मऊ. त्या मऊपणाचीच सरजाबाईंना जास्त धास्ती वाटली. कोणत्या साली, कोणत्या साहेबांकडे, निवृत्ती कधी, सगळं विचारून झालं. मग ते महामायेकडे वळले.

"शेवटचं. नियमानं विचारावं लागतं. घरात जुने सरकारी कागद, वह्या, असं काही?"

महामायेनं त्यांच्याकडे सरळ बघितलं. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. आणि सरजाबाईंच्या लक्षात आलं की पोरगी नाही म्हणणार आहे, आणि इतकं सहज म्हणणार आहे की कोणाला शंकाही येणार नाही. मग पुढची पन्नास वर्षं ती दाराच्या थापेला दचकत बसेल.

"हाय," सरजाबाई म्हणाल्या. "माझ्यापाशी हाय. हिला काल कळलं."

आनंदराजच्या हातातली बशी कलली. सरजाबाईंनी तिकडे न बघता वही आणून साहेबांपुढं ठेवली आणि रजिस्टरातल्या सहीसकट सगळं सांगून टाकलं. फक्त पंख्यानं उलटलेलं पान त्यांनी सांगितलं नाही.

बसवंतांनी पानं चाळली. "हे कशावरून त्या बैठकीचं? मला तर रेघोट्या दिसतात. वाचून दाखवा."

"पुढची बाजू मी वाचणार न्हाई. शपथ हाय. मागची वाचते." त्यांनी शेवटची सहा पानं उघडली. महामायेनं कागद ओढला.

"'तुझा बाप म्हनला, पैका हितं चालत न्हाई, पर ज्वारी कुठंबी चालती. मी घरून पोतं घेऊन येतो. म्या नको म्हनलं. पोटात तू होतीस. तो पान्यात उतरला तवा कंबरेपत्तर पानी होतं. पार जाईपत्तर म्या बघितलं. तिसऱ्या दिशी पोतं आलं. मानूस न्हाई आला. पोत्यावर त्याच्या हाताची गाठ होती. म्या ती सोडली, ज्वारी दळली अन् खाल्ली. रडत बसले असते तर तू जगली नसतीस.'"

महामायेनं शेवटचा शब्द लिहून पेन खाली ठेवलं.

"बाई," बसवंत म्हणाले, "तुम्ही गप्प बसला असता तर मी निघून गेलो असतो."

"म्हाईत हाय."

त्यांनी वही पाकिटात घातली, वर तारीख टाकली, आनंदराजची सही घेतली.

"अन् पोरीचं?" सरजाबाईंनी विचारलं.

"ते माझ्या हातात नाही. मी जे बघितलं ते लिहीन." ते उठले आणि चपला घालून बाहेर पडले.

"आत्या, काय केलंस हे," आनंदराज एवढंच म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला.

महामायेनं लिहिलेले कागद एकाखाली एक लावले. "आजी," तिनं विचारलं, "पोतं कोणी आणून दिलं, ते पणजीनं सांगितलं न्हाई?"

सरजाबाई आठवू लागल्या, पण लक्ष लागत नव्हतं. खिडकीतून त्यांना फाटक दिसत होतं. जीप अजून हलली नव्हती. बसवंत साहेब बॉनेटवर पाकीट ठेवून, एका हातानं ते दाबून धरून, फोनवर कोणाशी तरी बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांनी मान वळवून घराकडे बघितलं.