सासऱ्यांचा पायगुण

बेकरीतलं नवं मशीन सुनेने स्वतः जुळवलेलं. पट्ट्यावरून बिस्किटं सरकत यायची आणि वरची नळी प्रत्येकाच्या मधोमध जॅमचा थेंब टाकायची. कसं झकास चालायचं! पण सकाळी सासरे आत आले रे आले, की एक-दोन थेंब हुकायचे आणि जॅम थेट पट्ट्यावर.

हेच थेंब सासऱ्यांनी चाळीस वर्षं हाताने टाकले होते. चार दिवस ओळीने असं झाल्यावर ते म्हणाले, "माझाच पायगुण वाईट, सूनबाई. मी आपला बाहेर बसतो." आणि खरंच, स्टूल उचलून दाराबाहेर जाऊन बसले. पुढचे तीन दिवस एक थेंब हुकेल तर शपथ! कारागीर खूश, पण सुनेच्या घशाखाली घास उतरेना. ज्या माणसाने बेकरी उभी केली, त्यालाच तिच्या मशीनने उंबऱ्याबाहेर काढलं होतं. म्हणे पायगुण! मशीनला काय डोळे असतात, कोण आलं ते बघायला?

चौथ्या दिवशी तिने त्यांना हाताला धरून आत आणलं. "बाबा, रोज आल्यावर जे जे करता, तस्सं करा. काही गाळू नका."

त्यांनी टोपी खिळ्याला अडकवली. चष्मा पुसला. मग मशीनच्या कडेला, नवी नक्षी भरायला पेनड्राइव्ह लावतात त्या यूएसबीच्या खाचेत, सवयीने आपला फोन चार्जिंगला लावला.

टप्! थेंब पट्ट्यावर.

"सापडला चोर!" सून जागच्या जागी उडालीच. "अहो, तुम्ही नाही, तुमचा फोन! तो लावला की मशीन हातातलं काम टाकून त्याची चौकशी करत बसतं. कोण तू, कुठला, काय आणलंस? तेवढ्यात बिस्किट पुढे!"

"म्हणजे चूक माझीच की."

"छे, माझी. मीच त्याला शिकवलं नाही. पाहुणा आला म्हणून दूध उतू जाऊ द्यायचं का?"

दुपारपर्यंत तिने प्रोग्रॅम बदलला. आधी थेंब, मग पाहुणा.

"लावा आता."

सासऱ्यांनी फोन लावला. थेंब मधोमध! काढला, पुन्हा लावला. मधोमध! दहा वेळा तेच केलं, पोरासारखे खिदळत.

मग ते बाहेर गेले, स्टूल घेऊन आले आणि मशीनला खेटून ठेवलं.

"सूनबाई," डोळे पुसत ते म्हणाले, "या भानगडीत फोन काही चार्ज झाला नाही बरं का. आता संध्याकाळपर्यंत मला इथून हलता यायचं नाही."