वेशीतला दगड

रस्त्याच्या काळ्या दगडात चाकोरी चार बोटं खोल गेली होती. अंजनानं हात घालून पाहिला. कड गुळगुळीत होती. दगड बेसाल्टचा, थेट सातारच्या डोंगरातला वाटावा असा. फक्त ही चाकोरी दोन हजार वर्षांपूर्वी रोमन गाड्यांनी पाडलेली.

"बैलगाडीचीच हाय," तिच्या सासूबाई, आक्काताई, मागून म्हणाल्या.

इंग्लंडातली नोकरी संपवून मानसिंग आणि अंजना जुन्या व्हॅननं उंब्रजला परत निघाले होते. लेकाकडे येताना आक्काताईंना बोट इतकी लागली, की 'चालत जाईन, पर इतके दिस बोटीत बसणार न्हाई' असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून ही सडक. वाटेत इटली लागणार हे तिघांनाही ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं. चव्वेचाळीस साली, महायुद्धात, मानसिंगचे वडील इंग्रजांच्या फौजेतून याच देशात लढताना बेपत्ता झाले होते. त्याला वीस वर्षं झाली. आक्काताई अजून कुंकू लावत. त्यांनी ना दिवस घालू दिले, ना वेशीत, लढाईत पडलेल्यांच्या वीरगळांशेजारी, त्यांचा दगड बसवू दिला. मानसिंगनं विषय काढला की उठून कामाला लागत.

रस्त्याकडेला पडकी थडगी होती. एकावर नवराबायको कोरलेली, हातात हात. पुरुषाचं नाक झडलेलं.

"आये, ही रोमन लोकांची..." मानसिंग सांगू लागला.

"कळतंय मला. गावाभायेर, वाटंवर, मानूस कोरलेला. ह्यो वीरगळच की." आक्काताईंनी पदरानं धूळ पुसली. "संगं बायकूबी हाय. तीबी मेली हुती व्हय गं तवा?"

"ह्या दोघांचं ठाऊक नाही, आत्या," अंजनानं खरं तेच सांगितलं. "पण मागं राहिलेली बायको कधीकधी जिवंतपणीच स्वतःला शेजारी कोरून घ्यायची, असं वाचलंय."

"शानी हुती म्हनायची."

त्यांनी तांब्यातलं पाणी दगडावर ओतलं, गावी वीरगळांवर ओतत तसं. ओल सावकाश उतरत त्या दोन हातांपर्यंत आली.

"आये, चल. ऊन वाढलंय." मानसिंगनं रिकामा तांब्या उचलला.

आक्काताई जागच्या हलल्या नाहीत.

"मानू, घरी गेल्यावर वेशीत तुझ्या बाचा दगड बसीव. पर घोड्यावर नगं काढूस, घोड्याला लय भ्यायचे. उभंच काढ. आन् शेजारी मला."