हात कुणी बिघडवला

थोरलीने रविवार मुद्दाम निवडला होता. रविवारी धाकट्या दिराच्या वाद्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि तिला नेमकं तेच हवं होतं. पाठीवर जुनी गिटार, पर्समध्ये पैसे आणि मुठीत दोन बटणं, एवढं घेऊन ती घरून निघाली. नवरा म्हणाला, "मी येऊ का?" ती म्हणाली, "तुमच्या भावाला आज मी एकटी पुरेन."

बावीस वर्षांपूर्वी याच दिराने तिला घरचा भाव लावून गिटार दिली होती. दिवसभर लोकांचे कपडे शिवायचे आणि संध्याकाळी घटकाभर तारा छेडत बसायचं, एवढीच तिची हौस. पण त्या गिटारीच्या तारा दाबता दाबेनात. बोटांची टोकं सोलून निघाली. तीन वेळा ती परत घेऊन गेली. तिन्ही वेळा दिराने गिटार मांडीवर घेतली, मोकळ्या तारांवरून झोकात हात फिरवला आणि म्हणाला, "वाद्य खणखणीत आहे, वहिनी. तुमचा हात शिवणाचा. जड."

बरं, दुकानात बोलला ते दुकानात ठेवावं की नाही? छे! घरात लग्न असो की कुणाचा वाढदिवस, पंगत उठली की हा सुरू. "वहिनींना वाजवायला सांगा, पाहुणे लवकर घरी जातात!" सगळे खो खो हसायचे. नवराही हसायचा, पण त्याचा समाचार घरच्या घरी घेतला जायचा. धाकट्याचा घ्यायचा राहिला होता.

थोरलीने गिटार सोडली नाही. सोडली असती तर त्याचंच खरं झालं असतं. दात-ओठ खात ती बावीस वर्षं वाजवत राहिली.

आणि गेल्या महिन्यात नात क्लासहून आली नि आपली गिटार कापड बेतायच्या टेबलावर टाकून हातपाय धुवायला गेली. थोरलीने बाजूला ठेवायला म्हणून ती उचलली, सहज एक बोट तारेवर टेकवलं, आणि सूर आला. जोर नाही, कळ नाही. लोण्यात बोट जावं तसं. ती तशीच उभी राहिली. मग बटणांचा डबा उघडला. नातीच्या गिटारीची दांडी जिथे पोटाला मिळते तिथे तारेखाली शर्टाचं बटण कसंबसं गेलं. तिच्या स्वतःच्या गिटारीत तिथेच कोटाचं जाडजूड बटण गेलं, आणि त्याच्यावर ठेवलेलं शर्टाचंही गेलं. तारा दांडीपासून एवढ्या उंच, मग बोटं सोलणार नाहीत तर काय!

"आजी, काय करतेस?"

"माप घेतेय."

"कशाचं?"

"तुझ्या धाकट्या आजोबांचं."

तर असा हा रविवार.

"या या, वहिनी!" धाकट्याने गल्ल्यामागूनच आरोळी दिली. "आज इकडे कशी वाट वाकडी केलीत?"

"नवी गिटार घ्यायचीय, भाऊजी."

"या वयात? आणि जुनी?"

"तीही आणलीय. माहेर बघायचं म्हणाली."

चार-दोन गिऱ्हाइकं हसली. थोरली दुकानाच्या मधोमध खुर्ची ओढून बसली. धाकटा एकेक गिटार काढून देऊ लागला. ती घेई, दांडीवरून एक डोळा मिटून बघे, कापडाची किनार सरळ आहे का बघावं तसं, मग तारेखाली शर्टाचं बटण सरकवून परत देई. "ही नको. हिच्यावर रंगच फार. ही तर वाकलीय, भाऊजी, हिला भिंतीवरून काढा." चौथी साधी, तपकिरी, अंगावर एक नक्षी नाही. दांडी सुईसारखी सरळ, आणि बटण घासून गेलं.

"बटणं कशाला, आजी?" तारा घ्यायला आलेल्या एका चष्मेवाल्याने विचारलं.

"सांगते. आधी वाजवून बघू दे."

तिने बोटं मांडली आणि वाजवलं. सूर वाकडा आला. पुन्हा वाजवलं. पुन्हा वाकडा, जरासा वर चढलेला. सगळ्या दुकानाने ऐकला. धाकट्याच्या मिशीत हसू आलं.

"मी बावीस वर्षं काय सांगतोय? हात जड!"

मागे कुणीतरी खिदळलं. थोरलीची कानशिलं तापली. कारण खरंच होतं ते. हात जड झाला होता. सगळा बेत आखून आली, बटणं घेऊन आली, आणि ऐनवेळी आपलीच बोटं फितूर झाली. क्षणभर वाटलं, उठावं आणि चालू पडावं.

चष्मेवाला खाली वाकून बघत होता. "आजी, तुम्ही फार दाबताय. तार ताणली जाते, म्हणून सूर चढतोय. एवढा जोर कुठल्या गिटारीवर लागायचा?"

थोरलीने मान वर केली.

"हिच्यावर," ती म्हणाली आणि जुनी गिटार पिशवीतून काढून दिरापुढे धरली. "वाजवा, भाऊजी. मोकळ्या तारा नव्हे हं. त्या तुम्ही तीनदा ऐकवल्यात. बोटं दाबून वाजवा."

"आत्ता? गिऱ्हाइकं आहेत, वहिनी."

"म्हणूनच."

नाही म्हणायची सोय नव्हती. धाकट्याने बोटं दाबली. फट्. ओठ आवळून पुन्हा दाबली. फट् फट्. तिसऱ्या खेपेला त्याने हात झटकला आणि बोटांकडे बघत राहिला.

"हिची दांडी वाकलीय," तो पुटपुटला.

"कधी वाकली?"

तो गिटारीच्या खुंट्या पिळू लागला.

"कधी, भाऊजी?"

"आली तेव्हाच. जराशी. खपत नव्हती."

"मोठ्याने बोला. मागच्यांना ऐकू आलं नाही."

"आली तेव्हाच वाकलेली होती!" धाकटा ओरडला. एक बाई हातातली बासरी हळूच जागेवर ठेवून निघून गेली.

थोरलीला वाटलं होतं, एवढं ऐकलं की पोट भरेल. कसलं भरतंय! उलट भूक चाळवली.

"ती तपकिरी तशीच घेऊन जा, वहिनी," धाकटा खाल मानेने म्हणाला. "माझ्याकडून भेट."

"तुमचा घरचा भाव एकदा घेतलाय. पुरे." तिने पुरते पैसे मोजून गल्ल्यावर ठेवले. धाकट्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि दार उघडून धरलं. थोरली मात्र पुन्हा खुर्चीत बसली.

"लावा ते दार. हात तुम्ही बिघडवलात, तो इथेच सुधारेल. दर रविवारी, याच खुर्चीत."

आणि शब्दाला जागली ती. पहिले दोन रविवार सूर चढतच राहिला. तिसऱ्याला जरा खाली आला. सहाव्या रविवारी बोट असं अलगद टेकू लागलं, की चष्मेवाला तारा न घेताच तासभर ऐकत बसला.

हात कधीचाच सुधारलाय. पण नवं गिऱ्हाईक दारात आलं की थोरली बोट मुद्दाम कचकन दाबते. सूर चढतो. गिऱ्हाईक वळून बघतं आणि म्हणतं, "आजी, फार दाबताय का?"

"हो ना, बाळ," असं म्हणत थोरली मुठीतलं कोटाचं बटण काढते. "बस, सांगते."

आणि धाकटा फडकं घेऊन, मघाशीच पुसलेलं कपाट पुन्हा पुसायला लागतो.